वाचकांची वही आपल्याच हातात: छोट्या मराठी प्रकाशकांनी सोशल मीडियात उतरायचं कसं

नागपूर-विदर्भात जे साप्ताहिक चालवतात, मासिक किंवा दिवाळी अंक काढतात, वर्षाला पाच-दहा पुस्तकं छापतात आणि ज्यांना रोज कोणीतरी सांगून राहिलं की "आता सगळं मोबाईलवर गेलं, तुम्ही पण काही करा नं", त्यांच्यासाठी हे लिहितेय. करा म्हणणारे पुष्कळ आहेत, पण आधी काय करायचं, नंतर काय आणि कशाला हातच लावायचा नाही हे कोणी बसून सांगत नाही, म्हणून लेख जरा लांब होईल. मोठ्या दैनिकांकडे वेगळी डिजिटल टीम असते, त्यांचं सोडा. मी धरून चालतेय की ऑफिसात तीन-चार माणसं आहेत, एक डीटीपीवाला, एक जाहिराती बघणारा, आणि संपादक स्वतःच प्रूफं वाचतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, व्हॉट्सअ‍ॅप जरूर वापरा, पण आपला वाचक कोण, त्याचं नाव काय, त्याच्यापर्यंत पोचायचं कसं हे आपल्या वहीत लिहिलेलं असलं पाहिजे. जुन्या मासिकांकडे वर्गणीदारांचं रजिस्टर असायचं, नाव, गाव, वर्गणी कधी संपते, सगळं त्यात. पेजवर पन्नास हजार फॉलोअर असले तरी त्यातल्या एकाचाही पत्ता आपल्याकडे नसतो, तो कंपनीकडे असतो.

कंपनी काय करू शकते त्याचा इतिहास फार जुना नाही. फेसबुकने २०१५ मध्ये इन्स्टंट आर्टिकल्स आणलं, बातम्या इथेच टाका, पटकन उघडतील म्हणून, जगभरच्या पेपरवाल्यांनी त्यासाठी मेहनत घेतली आणि २०२३ मध्ये ते बंदच करून टाकलं. मधे जानेवारी २०१८ मध्ये फीडचा नियम बदलला, मित्र आणि कुटुंबाच्या पोस्ट आधी, पेजेस मागे, आणि ज्यांचा सगळा वाचक फेसबुकवरूनच यायचा त्यांची वेबसाइट एकदम ओस पडली. त्याच्याही आधी "सगळं व्हिडिओ करा" अशी लाट होती, बाहेरदेशी लिहिणारी माणसं कमी करून व्हिडिओवाले घेतले गेले, आणि २०१६ मध्ये फेसबुकने कबूल केलं की व्हिडिओ सरासरी किती वेळ बघितला जातो त्याचे आकडे फुगलेले होते. त्यावर जाहिरातदार कोर्टात गेले आणि २०१९ मध्ये ४ कोटी डॉलर देऊन ते मिटवावं लागलं. आपल्याकडे २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली तेव्हा लाखो फॉलोअर असलेली मराठी पोरं एका रात्रीत शून्यावर आली. कॅनडात ऑगस्ट २०२३ पासून फेसबुक-इन्स्टावर बातम्या दिसतच नाहीत, कारण बातम्यांचे पैसे देण्याच्या कायद्यावरून मेटाचं आणि तिथल्या सरकारचं वाजलं. एवढं सगळं झाल्यावर एकाच पेजवर पूर्ण भार टाकणं बरोबर नाही, इतकंच म्हणणं आहे. सोशल मीडिया सोडून द्या असं मी मुळीच म्हणत नाहीये, आता वाचक तिथेच आहे.

पहिलं काम: चाव्या कोणाकडे आहेत ते बघा

हे कंटाळवाणं वाटतं म्हणून सगळे टाळतात, पण सुरुवात इथूनच. वेबसाइटचं डोमेन कोणाच्या नावावर आहे? बऱ्याच ठिकाणी ते वेबसाइट बनवून देणाऱ्या पोराच्या ईमेलवर असतं, तो पुण्याला नोकरीला जातो, रिन्यूअलचा मेल त्याला जातो आणि एक दिवस साइट बंद. डोमेन संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ईमेलवर घ्या. फेसबुक पेजला कमीत कमी दोन अ‍ॅडमिन ठेवा, त्यातला एक मालक किंवा संपादक स्वतः. यूट्यूब चॅनल कोणाच्या खासगी जीमेलवर असेल तर ते ब्रँड अकाउंटमध्ये हलवा. सगळीकडे टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा आणि रिकव्हरी कोड कागदावर लिहून कपाटात ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपसाठी ऑफिसचं वेगळं सिम घ्या, संपादकांचा घरचा नंबर वापरू नका.

दुसरं काम: मजकूर युनिकोडमध्ये आणा

युनिकोड म्हणजे मराठी अक्षरं सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर मराठी म्हणूनच ओळखली जातील अशी साठवायची पद्धत. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे आणि याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. आपले कितीतरी अंक अजून श्रीलिपी, कृतिदेव, आकृती असल्या जुन्या फॉन्टमध्ये लागतात. पेजमेकरच्या किंवा इनडिझाइनच्या फाइलमध्ये मराठी दिसतं, पण तोच मजकूर कॉपी करून फेसबुकवर टाकला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो, कारण आत मराठी नसतंच. मग काय होतं, डीटीपीवाला पानाचा फोटो काढतो, जेपीजी टाकतो, वाचक मोबाईलवर बोटाने मोठं करून करून वाचतो आणि दुसऱ्या ओळीत सोडून देतो. गुगललाही त्या पानात काय लिहिलंय ते नीट सापडत नाही. तीस वर्षांचे अंक असूनही सर्च केलं तर तुमचं नाव वर येत नाही, त्याचं मोठं कारण हे.

कन्व्हर्टर पुष्कळ मिळतात, काही फुकट आहेत, पण कन्व्हर्ट झालेला मजकूर तसाच टाकू नका. काही चुका ठरलेल्या असतात. रफार एक अक्षर मागे-पुढे सरकतो. पहिली वेलांटी शेजारच्या अक्षराला चिकटते. "दुसऱ्या" चं "दुसर्या" होतं. "बॅ", "ॲ" बिघडतात. आणि एक चूक अशी की डोळ्याला दिसतच नाही: ओकाराची मात्रा एकच अक्षर म्हणून न येता काना वेगळा आणि मात्रा वेगळी अशी येते, स्क्रीनवर "मोर्चा" बरोबरच दिसतं, पण कोणी "मोर्चा" टाईप करून शोधलं तर तुमची बातमी सापडत नाही. ही फाइंड-रिप्लेसची यादी एकदा बनवून भिंतीला चिकटवा, डीटीपीवाल्याला प्रत्येक फाइलवर ती चालवायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. त्याच्यानंतर माणसाने एकदा वाचायचंच.

जुने सगळे अंक एकदम करायला बसू नका, दमाल. या महिन्यापासून पुढचं सगळं युनिकोडमध्येच टाईप करा, मोबाईलवर बोलून टाईप केलं तरी चालतं, आता मराठी बऱ्यापैकी ओळखतं. जुन्यातलं जे लोक अजूनही विचारतात ते आधी घ्या: गावांचा इतिहास, विदर्भातल्या व्यक्तींवरचे लेख, संत्र्याच्या बागेवरची माहिती, जुन्या नाटकांची परीक्षणं. आपल्या शहराकडे हा साठा दांडगा आहे. हितवाद पेपर १९११ पासून निघतोय, विदर्भ साहित्य संघाला २०२३ मध्ये शंभर वर्षं झाली, आणि दीक्षाभूमीच्या निमित्ताने इथे जेवढं आंबेडकरी साहित्य छापलं गेलं तेवढं क्वचितच कुठे छापलं गेलं असेल. यातलं किती ऑनलाइन वाचता येतं याचा विचार केला की जीव तुटतो.

तिसरं: हक्क तपासा

मासिकात लेख छापला म्हणजे तो वेबसाइटवर, यूट्यूबवर, ऑडिओत टाकायचा हक्क आपोआप मिळत नाही. पगारी उपसंपादकाने लिहिलेलं वेगळं, बाहेरच्या लेखकाचं वेगळं, त्याचा कॉपीराइट सहसा त्याच्याकडेच असतो. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्यात करारात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाचच वर्षांसाठी दिले असं धरतात, आणि कुठल्या भागासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारतासाठी. लेखक गेल्यानंतर ६० वर्षं हक्क राहतात, म्हणजे वारसांना विचारावं लागतं. तर एक साधं पत्र बनवा, मराठीत, एका पानाचं: छापील, वेबसाइट, ई-बुक, ऑडिओ, व्हिडिओ, सोशल मीडियावरचे उतारे, यातलं काय काय आणि किती वर्षांसाठी, आणि त्याचं मानधन किती. लेखकाला फोन करून समजावून सांगा, मग सही घ्या. बहुतेक लेखक आनंदाने देतात, त्यांनाही वाचक हवाच असतो. फोटोचं पण तेच, गुगलवरून उचललेला फोटो कधीच वापरू नका, आणि व्हिडिओला सिनेमाचं गाणं लावू नका, यूट्यूबवर ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक आले की चॅनल जाऊ शकतं.

चौथं: आपलं पान शेअर केल्यावर कसं दिसतं

वेबसाइट साधी असू द्या, वर्डप्रेस पुरे. पण कोणतीही लिंक टाकण्याआधी ती स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून बघा. खाली छोटा फोटो, मथळा आणि दोन ओळी आल्या पाहिजेत. आल्या नाहीत तर ओपन ग्राफचे टॅग, म्हणजे लिंकसोबत काय दिसावं ते सांगणाऱ्या खुणा, भरलेले नाहीत, एखादं एसइओ प्लगइन (सर्चमध्ये सापडायला मदत करणारी जोडणी) टाकलं की ते होतं. फोटो १२०० बाय ६३० पिक्सेलचा ठेवा आणि ३०० केबीच्या आत, जड असला की व्हॉट्सअ‍ॅप कधी कधी दाखवतच नाही.

पानाचा पत्ता, म्हणजे यूआरएल, इंग्रजी अक्षरांतच ठेवा. देवनागरीत ठेवला की कॉपी केल्यावर टक्क्यांच्या चिन्हांची दोन-तीन ओळींची लांबलचक भानगड तयार होते, आणि ती बघून लोकांना वाटतं हा काहीतरी व्हायरस आहे, कोणी दाबत नाही. दुसरं असं की बरेच मराठी वाचक शोधताना इंग्रजी अक्षरांतच मराठी टाईप करतात, तेव्हा त्याचाही थोडा फायदा होतो.

मथळा छापील पेपरसारखा नको. "शहरात पारंपरिक उत्सव उत्साहात साजरा" हे छापील पानावर चालतं कारण शेजारी फोटो असतो, तारीख असते, वरती गावाचं नाव असतं. मोबाईलवर मथळा एकटाच फिरतो, त्याच्यातच सगळं कळलं पाहिजे. "काळी-पिवळी मारबत आज कुठून निघणार, कोणते रस्ते बंद" हा मथळा (मारबत म्हणजे नागपूरची पुतळ्यांची मिरवणूक) इथल्या कोणत्याही ग्रुपमध्ये गेला तरी समजतो. फसवे मथळे मात्र नको, "हे वाचून थक्क व्हाल" टाईपचे, एकदा दोनदा लोकं येतात, मग तुमच्या नावावरचा विश्वास उडतो आणि तो परत मिळवणं लय कठीण.

आरएसएस फीड, म्हणजे नवा मजकूर वाचकाच्या अ‍ॅपपर्यंत आपोआप पोचवणारी सोय, बंद करू नका, वर्डप्रेसमध्ये ते असतंच. मॅस्टोडॉनसारखी कोणा एका कंपनीच्या मालकीची नसलेली नेटवर्क्स ज्या अ‍ॅक्टिव्हिटीपब नावाच्या पद्धतीवर चालतात ती २०१८ मध्ये वेबचं अधिकृत मानक झाली, वर्डप्रेसला त्याचं प्लगइन आहे. आपला मराठी वाचक तिथे सध्या फार नाही, पण एकदा लावून ठेवायला काही लागत नाही.

पाचवं: वही भरायला लागा

आता मुद्द्याचं. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात पण सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात, बायका त्यामुळेच बाहेर पडतात, आणि सकाळी गुड मॉर्निंगचा पाऊस सुरू झाला की तुमचा मजकूर वाहून गेला. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये एका यादीत २५६ जण आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो. हे कमी वाटतं पण हेच खरे वाचक. कम्युनिटीमध्ये घोषणांचा वेगळा ग्रुप असतो, त्यात नंबर झाकलेले राहतात, मोहल्ल्यानुसार किंवा तालुक्यानुसार ग्रुप करायचे असतील तर हे चांगलं. आणि चॅनल, जे भारतात सप्टेंबर २०२३ मध्ये आलं, त्यात कितीही लोक येऊ शकतात, पण ते कोण हे तुम्हाला कळत नाही. म्हणजे चॅनल दवंडी पिटायला ठीक, वही म्हणून नाही.

म्हणून मी सांगते, चॅनल चालवा आणि त्यात आठवड्यातून एकदा ब्रॉडकास्ट यादीत यायचं आमंत्रण द्या. यादीत येणाऱ्याला काहीतरी वेगळं मिळालं पाहिजे, रविवारचा एक मोठा लेख आधी, किंवा जुन्या अंकातलं एक पान. सोबत ईमेलची यादी पण करा. आपल्याकडे ईमेल कोण वाचतं असं सगळे म्हणतात, पण निवृत्त शिक्षक, प्राध्यापक, पुण्या-बंगळूरला आणि अमेरिकेत गेलेली नागपूरची मुलं वाचतात, आणि वर्गणी भरणाऱ्यांत हीच मंडळी असतात.

नाव-नंबर घेताना स्पष्ट विचारा, कशासाठी घेतोय ते लिहा, "थांबवा" असं लिहिलं की त्याच दिवशी नाव काढा. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा संमतीवरच उभा आहे. आणि ही यादी कोणत्याही उमेदवाराला, कोणत्याही क्लासवाल्याला कधीच द्यायची नाही, कितीही पैसे देऊ द्या. कोणाकडून विकतच्या नंबरांची यादी घेऊन हजारोंना मेसेज टाकले तर व्हॉट्सअ‍ॅप नंबर बंद करतं, त्या भानगडीत पडूच नका.

पुस्तकवाल्यांसाठी वही भरायची सगळ्यात मोठी संधी दीक्षाभूमीवरची आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला देशभरातून लोक येतात आणि पुस्तकं विकत घेऊन जातात, ओझं झालं तरी घेऊन जातात, असं दृश्य दुसरीकडे फार कमी बघायला मिळतं. स्टॉलवर हजार पुस्तकं विकली जातात आणि तो वाचक परभणीला, गोंदियाला, बैतूलला निघून जातो, पुढच्या वर्षीपर्यंत आपला-त्याचा संबंध नाही. तर प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर आणि पिशवीवर क्यूआर कोड छापा, स्कॅन केलं की व्हॉट्सअ‍ॅप उघडून "मला नव्या पुस्तकांची माहिती पाठवा" एवढा मेसेज तयार असला पाहिजे, त्याने फक्त पाठवा दाबायचं. स्टॉलवर एक वही पण ठेवा, साधी, हाताने लिहायची, कारण गर्दीत नेटवर्क जातं. घरी परतल्यावर आठवड्याच्या आत पहिला मेसेज गेला पाहिजे, "तुम्ही आमच्याकडून पुस्तक घेतलं, वाचून कसं वाटलं ते कळवा". उत्तरं येतात. वाचकाने लिहिलेल्या दोन ओळी, त्याची परवानगी घेऊन, तुमच्या कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त पुस्तकं विकतात.

सहावं: एकच विषय, चार ठिकाणी चार तऱ्हांनी

सगळीकडे तेच चिकटवणं ही सगळ्यात सर्रास दिसणारी गोष्ट, फेसबुकची लिंक इन्स्टावर, इन्स्टाचा व्हिडिओ आहे तसा यूट्यूबवर. इन्स्टाच्या कॅप्शनमध्ये लिंक दाबताच येत नाही, मग तिथे लिंक टाकून काय उपयोग.

मारबतीचंच घ्या. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारी-महाल भागात मिरवणूक, सव्वाशेहून जास्त वर्षांची परंपरा, आणि ही खास नागपूरची गोष्ट. वेबसाइटवर आदल्या दिवशी एक भक्कम लेख टाका: काळी कुठली, पिवळी कुठली, बडगे (मिरवणुकीतले दुसरे पुतळे) म्हणजे काय, मिरवणूक कुठून जाते, गाड्या कुठे लावायच्या. हा लेख दरवर्षी तोच पत्ता ठेवून अपडेट करा, नवीन पान करू नका, म्हणजे गुगलमध्ये त्याचं वजन वाढत जातं. त्याच दिवशी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर असा मेसेज:

"नमस्कार, आज मारबत. मिरवणूक किती वाजता निघणार, कोणते रस्ते बंद, लहान मुलांना घेऊन कुठे उभं राहायचं, सगळं या पानावर आहे: [लिंक]. तुमच्या मोहल्ल्यातल्या बडग्याचा फोटो याच नंबरवर पाठवा, सोबत नाव आणि मोहल्ला लिहा."

बघा, यात लिंक आहे आणि वाचकाला करायला काम पण आहे. फोटो यायला लागतात, ते नावासकट फेसबुकवर अल्बममध्ये टाका, ज्याचा फोटो लागला तो दहा जणांना दाखवतो. इन्स्टाला उभा व्हिडिओ, तीस-चाळीस सेकंद, पहिल्या तीन सेकंदांत पुतळा आणि "घेऊन जा गे मारबत" ची आरोळी, निवेदन नको, मूळ आवाजच ठेवा, खाली मराठी अक्षरं टाका कारण पुष्कळ जण आवाज बंद ठेवून बघतात. यूट्यूबला दहा-बारा मिनिटांची मुलाखत, पिढ्यानपिढ्या मारबत बनवणाऱ्या घरातल्या माणसाशी, त्यांच्याच बोलीत. बोली सुधारायला जाऊ नका. बुंदेलखंडात चित्रकूटहून २००२ मध्ये बायकांनी सुरू केलेलं खबर लहरिया हे छापील पत्रक बुंदेलीतच निघायचं, आज ते पूर्ण डिजिटल आहे आणि देशभर ओळखलं जातं ते त्या मातीतल्या बोलण्यामुळेच. वऱ्हाडी, झाडीबोली ऐकायला आसुसलेले लोक आपल्याकडे पण आहेत, गाव सोडून गेलेले तर जास्तच.

एवढं सगळं रोज होणार नाही. आठवड्यातून एक विषय असा चार अंगांनी करा, बाकी दिवस एक-दोन पोस्ट पुरे. दोनच ठिकाणी नीट करता येत असेल तर दोनच करा, साप्ताहिकाला व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुक, पुस्तकवाल्याला व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टा, माझा अनुभव तरी असाच आहे. दिवाळी अंकवाल्यांना तर वर्षभराचा माल तयार असतो: १९०९ मध्ये "मनोरंजन" ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपण एवढं कसदार लिहून घेतो आणि दोन महिन्यांत विसरून जातो. वीस लेखांचा अंक असेल तर प्रत्येक लेखातला एक उतारा, लेखकाचा दोन मिनिटांचा आवाज, आठवड्याला एक, की मार्च-एप्रिलपर्यंत अंक चर्चेत राहिला.

पीडीएफबद्दल पण सांगते. पूर्ण अंकाची पीडीएफ ग्रुपमध्ये सोडणं बंद करा. किती जणांनी उघडली कळत नाही, जाहिरातदाराला काही दाखवता येत नाही, आणि वर्गणी कोण भरेल मग. ज्येष्ठ वाचकांना पानाचं रूपच आवडतं हे खरं, त्यांना वर्गणीदार म्हणून नावानिशी पाठवा.

सातवं: कमेंट आणि अफवा

सोशल मीडियावर वाचक उलट बोलतो, हाच तर छापील अंकापेक्षा फरक. त्याला उत्तर द्यायला एक माणूस ठरवा, सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. प्रश्न असेल तर उत्तर, चूक दाखवली असेल तर तपासून आभार, शिवीगाळ आणि जातीवरून बोलणं लगेच काढून टाका आणि तसा नियम पेजवर वरती पिन करून ठेवा. टीका मात्र काढू नका. दुरुस्ती करायची तर गुपचूप पोस्ट उडवू नका, तिच्यातच वरती "दुरुस्ती" लिहून काय चुकलं होतं ते लिहा.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत, काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदीचं पाणी वस्त्यांत. अशा वेळी लोक सगळ्यात आधी मोबाईल उघडतात आणि तिथे खरं-खोटं एकत्र येऊन पडतं, दुसऱ्या शहराचे जुने व्हिडिओ आपलेच म्हणून फिरतात. त्या दिवशी छोट्या प्रकाशनाची खरी किंमत असते, कारण आपल्याला गल्ली माहीत असते. व्हिडिओ आला की आधी गुगल लेन्समध्ये त्यातलं एक चित्र टाकून जुना तर नाही बघा, दुकानाच्या पाट्या वाचा, गाड्यांचे नंबर एमएच ३१, ४० किंवा ४९ आहेत का बघा, पाठवणाऱ्याला फोन करून विचारा तू तिथे होतास का. पावसाचे आकडे प्रादेशिक हवामान केंद्राकडून, मदतीचे नंबर महापालिकेकडून. आणि एकच पोस्ट वेळ टाकून टाकून अपडेट करा, वीस वेगळ्या पोस्ट केल्या की जुनी माहिती दिवसभर फिरत राहते. "हे अजून तपासतोय" असं लिहायला लाजू नका. दहा मिनिटं उशीर झाला तरी चालेल.

आठवं: कायद्याच्या चार गोष्टी

डिजिटल बातम्या देत असाल तर २०२१ चे आयटी नियम बघून घ्या. तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर लागतो, तक्रारीची पोच २४ तासांत आणि निर्णय १५ दिवसांत. त्यातल्या आचारसंहितेच्या सक्तीच्या भागाला मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली होती, तरी तक्रारीची सोय ठेवणं वाचकाच्या दृष्टीने योग्यच. लैंगिक अत्याचार पीडितेची ओळख आणि पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा) प्रकरणात मुलाची ओळख कुठेच येता कामा नये, फोटोत घर किंवा शाळा पण नको, आणि लाइव्हमध्ये हे सगळ्यात जास्त सुटतं, म्हणून अशा ठिकाणी लाइव्ह करूच नका. कमेंटमध्ये कोणी नाव लिहिलं तर तेही ताबडतोब काढा. लोकसभा-विधानसभा निवडणुकीत राजकीय जाहिरात सोशल मीडियावर टाकायला एमसीएमसी, म्हणजे निवडणूक काळातल्या जाहिराती तपासणाऱ्या समितीचं प्रमाणपत्र लागतं, उमेदवाराचा माणूस "बातमी म्हणूनच टाका" म्हणेल, तर नाही म्हणायचं.

नववं: काय मोजायचं

लाइक मोजून काही कळत नाही. महिन्याला एका पानावर पाच आकडे लिहा: वहीत किती नावं वाढली, किती गेली, किती जणांनी उत्तर दिलं, वेबसाइटवर परत परत येणारे किती, आणि वर्गणी किंवा पुस्तकं किती गेली. एक अडचण अशी की व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला वाचक अ‍ॅनालिटिक्समध्ये "डायरेक्ट" म्हणूनच दिसतो, कुठून आला कळत नाही. यासाठी लिंकच्या शेवटी यूटीएम, म्हणजे वाचक कुठून आला ते सांगणारी खूण, जोडा, व्हॉट्सअ‍ॅपची वेगळी, फेसबुकची वेगळी. एका महिन्यात कळतं की कष्ट कुठे जातायत आणि वाचक कुठून येतोय, आणि या दोन गोष्टी बऱ्याचदा वेगळ्या निघतात.

दहावं: पैसा

यूट्यूबच्या भरवशावर पगार काढायचा विचार नको. जाहिरातीतला वाटा मिळायला १००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४००० तास बघितलं गेलं पाहिजे, मग लांब व्हिडिओच्या जाहिरातीतले ५५ टक्के मिळतात, पण मराठी प्रादेशिक विषयांवर ही रक्कम लहानच राहते. जास्त भरवशाचं म्हणजे वाचकांची वर्गणी. न्यूजलाँड्री ही २०१२ मध्ये सुरू झालेली बातम्यांची वेबसाइट वाचकांच्या वर्गणीवर भर देते, ब्रिटनचं गार्डियन मजकूर फुकट ठेवून वाचकांकडे मदत मागतं आणि लोक देतात. आपण पण मागावं, मोकळेपणाने, कशासाठी ते सांगून: "या वर्षी जुने दहा अंक युनिकोडमध्ये आणायचेत, एवढा खर्च आहे". यूपीआयचा क्यूआर द्या, पावती द्या, नावं छापा ज्यांची हरकत नसेल त्यांची.

स्थानिक जाहिरातदार, धरमपेठचा ज्वेलर, बर्डीचा कापडवाला, त्याला छापील आणि डिजिटल एकत्र पॅकेज द्या, पण बिलात दोन्ही वेगळं दाखवा, कारण छापील जाहिरातीच्या जागेवर जीएसटी ५ टक्के आहे आणि डिजिटलवर १८ टक्के, एकत्र लिहिलं की सीएची डोकेदुखी होते. पैसे घेऊन टाकलेल्या प्रत्येक पोस्टवर "जाहिरात" असं सुरुवातीलाच लिहा, शेवटी हॅशटॅगमध्ये लपवून नाही.

सुरुवात कधी करायची विचाराल तर उन्हाळा बरा, मे महिन्यात नागपुरात दुपारी कोणी बाहेर पडत नाही आणि ऑफिसातही काम हलकं असतं. चाव्या, युनिकोडची यादी आणि लेखकांची पत्रं हे तेव्हा उरकून घ्या, पोळ्यापर्यंत व्हॉट्सअ‍ॅप सुरळीत चालू झालं पाहिजे, दसऱ्याच्या आधी क्यूआर छापून तयार, आणि डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाला सगळ्या राज्याचं लक्ष इथे लागतं तेव्हा तुमच्या यादीतल्या माणसांना विचारा की त्यांच्या गावाचा कोणता प्रश्न विधानभवनापर्यंत जायला पायजे.